लहान आत, मोठे बाहेर

फकिराआबांचं डोकं सकाळपासून गरगरत होतं. जन्मभर सोयगावकडं मेंढरं वळली, दुष्काळात कळप विकून लेकाच्या मागं संभाजीनगरात आले. पण नातीचे चार पुठ्ठे काही कळेनात. प्रत्येक पुठ्ठ्याच्या टोकाला एक पिवळं झाकण, पुढं ओळीनं मातीचे चार गोळे.

"झाकण म्हणजे तारा, गोळे त्याचे ग्रह," सृष्टी म्हणाली. "हे आपल्या सूर्याचे नाहीत, दुसऱ्या ताऱ्यांचे. कुठं सगळे सारखे, कुठं लहान जवळ अन् मोठे लांब, कुठं उलटं, कुठं सरमिसळ. अजून चिकटवायचेत. दहाला शाळेची रिक्षा येईल. हात लावू नका, आबा!"

इतक्यात टँकरचा हॉर्न वाजला. सहा दिवसांनी आला होता. सृष्टी कळशी घेऊन पळाली.

हात लावू नका म्हटल्यावर न लावणारा माणूस अजून जन्मायचाय. शिवाय आबांना पोरीची काळजी. एकच पुठ्ठा बरोबर, तीन चुकलेले. बाई हसतील की! कोकरं मधे, मेंढे कडेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लांडगा काय विचारून येतो? त्यांनी सगळे गोळे एकत्र केले आणि चारही पुठ्ठे एकसारखे लावले. लहान आत, मोठे बाहेर.

मग खुशीत गॅलरीत गेले. खाली टँकरच्या नळीला मोठमोठे ड्रम खेटलेले, दांडगे गडी त्यांना धरून. त्यामागं बादल्या. सगळ्यांत लांब, भिंतीला चिकटून, सृष्टी आणि तिची कळशी.

आबा चरकले. हा तर उलटा पुठ्ठा! म्हणजे असंही असतं? घाईनं आत आले. पण कुठला गोळा कुठं होता, काही केल्या आठवेना.

सृष्टी परतली. कळशीच्या तळाशी चार ओंजळी पाणी. पुठ्ठे पाहून तिचे डोळे भरले.

"चुकलो गं माय," आबा म्हणाले. "मला वाटलं, समदीकडं एकच कायदा आसंल."

तिनं रडू गिळलं, वही उघडली आणि सांगत गेली. आबा गोळे लावत गेले. रिक्षा यायच्या आत चारही पुठ्ठे झाले. उलट्या पुठ्ठ्याच्या शेवटी बारका गोळा एकटाच बसला. आबांना त्याच्यावरचं बोट काढवेना.

"हे लई लांब राह्यलं. याला ऊब पोचती का गं?"

"थोडीच पोचते, आबा."

"पुढच्या टँकरला मी बी येतो तुझ्यासंगं," ते म्हणाले. पण तिथं मेंढ्यासारखं बाहेर उभं राहून तिला राखावं, की नळीपर्यंत आत घुसावं, हे मात्र त्यांना कळेना.