पाकीटबाबा आणि पहिलं पान

सभागृहात खुर्च्या एकशे चाळीस आणि त्या रविवारी सकाळी माणसं दोनशे अकरा. मी मोजली. आमच्या ‘शेजार’ साप्ताहिकात ‘अलोट गर्दी’ छापायची पद्धत नाही, आकडा छापतो. साप्ताहिक कसलं, दोन पानं, दर शनिवारी सकाळी. संपादक मी, वार्ताहर मी, घरोघर दाराखालून सरकवणाराही मीच. बातम्या गल्लीच्या: कुठलं दुकान मिटलं, त्या जागी काय उघडलं, कुणाची मांजर हरवली, हौशी नाटकवाल्यांचा प्रयोग कितीला होता आणि कितीला सुरू झाला. अलीकडे गल्ली अशी झपाट्याने बदलत होती की दोन पानं पुरेनात. चपलांच्या दुकानाचं कॉफीचं दुकान झालं, सुताराच्या वखारीची जिम झाली आणि लाँड्रीचे बाबा झाले.

बाबा लाँड्रीच्या रिकाम्या गाळ्यात राहायला आले, म्हणून मी तसं म्हणतो. कपडे मात्र जागेला शोभतील असे, कडक इस्त्रीचे. दर रविवारी ते सभागृहाच्या व्यासपीठावर एक बंद पाकीट घेऊन उभे राहत.

“काळ म्हणजे काय?” बाबा विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, “काळ म्हणजे पोस्ट! कालचं आज येतं, आजचं उद्या. तुम्ही पेटी उघडायची वाट बघता. मी आधीच उघडतो. हे क्वांटम आहे.”

‘क्वांटम’ म्हटलं की जिमचा मालक जोरात मान डोलवी. त्याला ते ताकदीच्या पावडरीचं नाव वाटत असावं.

मग पाकीट पहिल्या रांगेत फिरे. “शिक्का बघा. तारीख मोठ्याने वाचा.”

“मागच्या शनिवारची!” जिमचा मालक ओरडला.

“मागच्या शनिवारी पोस्टात पडलं. सोमवारी माझ्या दारात आलं. पोस्ट सरकारी, शिक्का सरकारी. फोडा!”

सहाव्या मजल्यावरच्या आजींनी कात्रीने पाकीट फोडलं आणि आतला कागद वाचला: ‘बुधवारी बेकरीत आग लागेल. भट्टी जाईल, माणसं वाचतील. गायनमंडळाला तिसरं बक्षीस मिळेल.’

बेकरीत आग लागली होती. भट्टी गेली होती, माणसं वाचली होती. गायनमंडळाला तिसरं बक्षीस मिळालं होतं. दोनशे अकरा माणसांनी एकदम श्वास घेतला की कसा आवाज होतो, तो मी त्या दिवशी ऐकला. माझाही श्वास त्यात होता, उगाच शहाणपणा कशाला मिरवू?

मी पाकीट मागून घेतलं. बाबांनी उदारपणे दिलं, “ठेवा, आठवण म्हणून.” घरी आणून भिंगाखाली धरलं. शिक्का खरा होता. तारीख खरी होती. पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर शिक्क्याचा फोटो, खाली बाबांच्या पत्राचा मजकूर आणि वर माझा मथळा: ‘शिक्का खोटं बोलत नाही’. अंक हातोहात संपला. चाळीस प्रती पुन्हा काढाव्या लागल्या.

त्याच आठवड्यात, तो अंक निघण्याआधी, बेकरीवाला तणतणत आला होता.

“अहो संपादक, आग मंगळवारी लागली. तुम्ही मागच्या अंकात बुधवार छापलात!”

“बुधवार नव्हता?”

“बुधवारी बेकरी बंद असते! बंद बेकरीत आग लागली म्हणजे काय, मीच लावली असं लोक म्हणतील की!”

चूक माझीच होती. त्याच अंकात दुसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळींची दुरुस्ती टाकली आणि विसरलो.

पुढच्या रविवारी बाबांच्या पाकिटातून माझ्या घराची बातमी निघाली. ‘दुसऱ्या मजल्यावर एक ताई सुईत दोरा ओवते. तिच्या डोळ्यांवर पडदा आहे. एकशे एकाव्या दिवशी तो आपोआप उठेल. तोवर डोळ्यांत बाहेरचं पाणी जाऊ नये, हत्यार लागू नये.’

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कपडे लहानमोठे करून देते. आम्ही दोघंच राहतो. तिला काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढतो, दुखत-खुपत काही नाही, आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते. डॉक्टरीणबाईंनी दिवसातून दोनदा घालायचे थेंब दिले होते आणि ऑपरेशनची तारीखही. हे सगळं बाबांना कुठून कळलं, असं लोक एकमेकांना विचारत होते. आदल्याच दिवशी ‘शेजार’मध्ये मी छापलं होतं: ‘ताईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन असल्याने शिवणकाम महिनाभर बंद राहील.’ त्या गर्दीतल्या एकालाही ते आठवलं नाही. आठवायला हवं होतं मला. पण मी तेव्हा गर्दी मोजत होतो.

ताई घरी येऊन काही बोलली नाही. मला वाटलं, तिने हसून सोडून दिलं. ऑपरेशनबद्दल विचारलं तर “डॉक्टरीणबाई परगावी आहेत, पुढची तारीख देणार आहेत,” म्हणाली. मी बरं म्हटलं. गायनमंडळाचा वार्षिक कार्यक्रम, नव्या इमारतीचं उद्घाटन, नाटकवाल्यांची भांडणं. बातम्यांना काय तोटा!

दोन महिन्यांनी तिच्या मशीनच्या खणात मी टाचण्या शोधत होतो. हाताला थेंबांची बाटली लागली.

“ताई, ही बाटली कधीची?”

“आहे कधीचीतरी.”

“महिन्याला एक संपते. ही गळ्यापर्यंत भरलेली आहे.”

“तुला मेल्या जगाची मोजदाद! माझं औषध तरी सोड.”

“थेंब बंद केलेस?”

ती मशीनवरून हात न काढता म्हणाली, “एकसष्ट दिवस झाले. चाळीस राहिलेत.”

“आणि ऑपरेशन?”

“ते मीच फोन करून रद्द केलं. डॉक्टरीणबाई कुठेही गेलेल्या नाहीत.”

“अगं, तो माणूस थापाड्या आहे!”

“मग छापलंस कशाला?”

मशीनशेजारच्या टेबलावर काच होती. काचेखाली माझं पहिलं पान, कात्रीने सरळ कापलेलं. ‘शिक्का खोटं बोलत नाही’.

“तू वाढदिवसाची बातमी छापताना वय दोनदा विचारून घेतोस,” ताई म्हणाली. “हे काय उगीच छापशील? आणि खरं सांगू का, ऑपरेशनचं नाव काढलं की माझे पाय लटपटतात. कुणीतरी नको म्हणालं, तर बरं वाटलं रे.”

मी ओरडलो, हात जोडले, बाटली उघडून तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत गेलो. सहासष्ट वर्षांच्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांत जबरदस्तीने थेंब घालता येत नाही. करून पाहिलं म्हणून सांगतो.

दुपारी जुने अंक काढून बसलो. पहिल्या पानावर बाबांचं पत्र: ‘बुधवारी बेकरीत आग लागेल’. त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर माझी दुरुस्ती: ‘आग मंगळवारी लागली होती’. दोन्ही मीच छापलं होतं, एकाच कागदाच्या दोन बाजूंना, आणि गल्लीतल्या एकाही माणसाने कागद उलटून दोन्ही वाचलं नव्हतं. मीसुद्धा. बाबांना उद्याचं सगळं दिसत होतं, पण आगीचा वार त्यांनी माझ्या अंकातून उचलला होता, माझ्या चुकीसकट.

म्हणजे मजकूर शनिवारनंतरचा, हे नक्की. मग शिक्का आठ दिवस आधीचा कसा?

आमच्या गल्लीची टपालबाई दुपारी जिन्याखाली पाणी प्यायला थांबते. तिला गाठलं. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या पत्राबद्दल टपालातल्या माणसाने बोलायचं नसतं. तेवीस वर्षांत बोलले नाही, आता काय बोलू?”

“माझ्या बहिणीचे डोळे चाललेत, बाई.”

तिने पेला ठेवला. थोडा वेळ थैलीचा पट्टा सारखा करत राहिली. “तुम्ही असं करा, स्वतःलाच एक पत्र पाठवा. पत्ता घाला, तिकीट लावा. आत काही घालू नका. झाकण चिकटवू नका, नुसतं दुमडा.”

शनिवारी टाकलं. सोमवारी तिनेच आणून दिलं. पुढे पोस्टाचा शिक्का, मागे आमच्या पोस्टात पोचल्याचा शिक्का, आणि झाकण नुसतं दुमडलेलं. आत हवा.

“रिकामं पाकीट हाताला कळतं,” ती म्हणाली. “मी तुमच्या पाकिटाबद्दल बोलतेय हं.”

“तुम्हाला दर सोमवारी कळत होतं! सांगायचं तरी!”

“मला विचारलं कुणी? तुम्ही शिक्क्याचा फोटो छापलात. शिक्का मारणाऱ्यांना विचारलंत?”

त्या रविवारी मी सभागृहात उभा राहिलो, माणसं पुन्हा दोनशे अकरा. बाबा हसले. “या, संपादक, या.” मी माझं पाकीट पहिल्या रांगेत दिलं. जिमच्या मालकाने तारीख वाचली, मागच्या शनिवारची. आजींनी फोडलं, वाचलं: ‘गुरुवारी कॉफीच्या दुकानाची पाटी पडेल. शनिवारी संध्याकाळी नव्या इमारतीची लिफ्ट अडकेल, आत नाटकातली नायिका असेल.’ लिफ्टची बातमी तर अंकातही आलेली नव्हती.

“हे मी आज सकाळी चहा पिताना लिहिलं,” मी म्हणालो. “पाकीट पोस्टातून आलं तेव्हा रिकामं होतं. झाकण उघडं होतं. कागद आज घातला, डिंक आज लावला. शिक्का पाकिटावर बसतो, आतल्या कागदावर नाही. बाबाही तेच करतात.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं, पटलं.

“अगंबाई,” आजी म्हणाल्या, “म्हणजे तुम्हालाही येतं!”

“आजी, येत नाही! तेच सांगतोय. युक्ती आहे.”

“मोठी माणसं असंच म्हणतात. माझा मुलगा परदेशातून कधी येईल, तेवढं एकदा पाकिटात बघा ना.”

जिमचा मालक उठला. “तुमची युक्ती असेल, बाबांचं खरं असेल. खोटा दागिना असतो म्हणून खरा नसतो का?” टाळ्या पडल्या. बाबांनी दोन्ही हात वर केले, “संशयसुद्धा श्रद्धेचीच पहिली पायरी आहे,” आणि आणखी टाळ्या पडल्या. मी पाकीट हलवत राहिलो, ओला डिंक दाखवत राहिलो. मागच्या रांगांतली माणसं खुर्च्यांवर चढून बाबा बघत होती.

पुढच्या रविवारची गर्दी आधीच सांगून टाकतो: एकशे त्र्याण्णव, दाराबाहेरून मोजली. म्हणजे अठरा माणसं कमी झाली, त्यातले आम्ही दोघं. बाबा दोन महिन्यांनी गेले, पण ते लाँड्रीची इमारत पाडायला घेतली म्हणून. माझा त्यात काही वाटा नाही.

ताई त्या रविवारी शेवटच्या रांगेत होती. घरी आली, हात धुतले, खणातून बाटली काढली आणि माझ्याकडे न बघता थेंब घातले. सोमवारी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली,” त्या म्हणाल्या. “उजव्यात मध्यावर थोडी आहे. ती राखायचा प्रयत्न करू. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.”

“गेलेली परत येईल?” मी विचारलं.

“नाही.”

शुक्रवारी मी माफीचा अंक जुळवत बसलो होतो. फोटोसाठी बाबांचं ते पहिलं पाकीट टेबलावर काढलं होतं. ताईने ते उचललं आणि अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरवला, कापडाची शिवण बघतात तसा. मग पाकीट उजव्या डोळ्याजवळ नेलं, मागची बाजू.

“हा गोल शिक्का झाकणावर अर्धा आणि खाली अर्धा आहे ना?”

“हो. पोचल्याचा शिक्का.”

“जुळत नाही. अर्धा गोल वर सरकलाय. चौकडीचं कापड जोडताना रेघ चुकते, तसा. शिक्का मारला तेव्हा झाकण वेगळं बसलं होतं, मागाहून चिकटवलं.”

मी भिंग घेतलं. गोलाची दोन अर्धुकं तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने चुकली होती. तीन महिने ते माझ्या खणात होतं. मी फक्त पुढची बाजू पाहिली होती.

“ताई, हे तू...”

“मला दाखवलं होतंस का?” ती म्हणाली. “मी काही बाबावर विश्वास ठेवला नव्हता रे. तुझ्यावर ठेवला होता.”

तिने पाकीट परत टेबलावर ठेवलं. टेबलाची कड दिसली नाही, ते खाली पडलं. मी उचललं.

शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर मी सगळी युक्ती मांडली, माझ्या चुकीसकट. दुसऱ्या पानावर एकही बातमी घेतली नाही. ताईला आता एका वेळी तीनच शब्द दिसतात, म्हणून अक्षरं मोठी केली आणि वाक्यं तेवढ्याच शब्दांची ठेवली:

पाकीट उलटून पाहा.
झाकण नीट तपासा.
जाणत्या माणसाला विचारा.
छापलेलंही तपासून घ्या.
औषध थांबवू नका.