मानेवरची जट

निकिताने केसांना कमी न्हाण्याची सवय लावायचं ठरवलं ते पाण्यामुळे. माहेरी, संगमनेरला, ती दिवसाआड डोक्यावरून न्हायची. नळाला प्रवरेचं पाणी होतं आणि लेकीचे कमरेखाली जाणारे दाट केस आईला चारचौघींत मिरवायला पुरत होते. लग्न होऊन ती मिरजगावपासून आत असलेल्या या गावात आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला कळलं की इथे पाणी दोन तऱ्हेचं असतं. टँकरचं प्यायला आणि बोअरचं बाकी सगळ्याला. बोअरच्या खाऱ्या पाण्यात शाम्पूला फेस येत नव्हता. केस धुतले की काथ्यासारखे राठ व्हायचे आणि फणीबरोबर गळून हातात यायचे.

मग तिने मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. ती बाई सांगत होती, सारखं सारखं धुतलं की डोकं जास्तच तेलकट होतं. न्हाणं हळूहळू लांबवत नेलं की डोक्याला त्याची सवय लागते. मधल्या दिवसांत लाकडी फणीने मुळातलं तेल टोकापर्यंत ओढून न्यायचं. अट एकच, सकाळ-संध्याकाळ फणी चुकवायची नाही.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डोकं खाजायचं, केस चिप्प बसायचे. मिरजगावात सत्यशीलाताईंच्या शिलाईच्या दुकानात ती कामाला जायची, तिथे डोक्यावरची ओढणी काढायचीच नाही. सासूला, गोजरबाईंना, हे सगळं बघवत नव्हतं.

"चांगल्या घरची सवाष्ण अन् आठ आठ दिस डोक्यावरनं न्हात न्हाई. लोकं काय म्हनत्याल?"

"आत्या, जरा दम धरा. सवय लागतेय."

आणि खरंच लागली. दिवाळीपर्यंत दहा दिवसांतून एकदा न्हाऊनही केस मऊ, काळेभोर राहू लागले. गळणं थांबलं. निकिता स्वतःवर खूश होती.

दिवाळी सरली आणि तिला डेंग्यू झाला. कर्जतला दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावलं. तापाने अंग फणफणत होतं, मान इकडची तिकडे करवत नव्हती. केसांचा अंबाडा मानेखाली तसाच दबून राहिला, घामाने भिजला, वाळला, पुन्हा भिजला. फणी कोण करणार? घरी आणल्यावरही कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

जरा उठून बसता येऊ लागलं तेव्हा ती अंगणात उन्हाला बसली आणि तिने अंबाडा सोडला. वरचे केस मोकळे झाले. मानेवरचे झालेच नाहीत. तिथे हाताला मुठीएवढा टणक गोळा लागला, घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा. तिने फणी घेऊन टोकाकडून उकलायला सुरुवात केली.

"थांब!" गोजरबाईंनी मागून येऊन तिचं मनगट धरलं. "हात लावू नको त्याला."

"गुंता झालाय, आत्या."

गोजरबाई वाकून बघत होत्या. त्यांचा श्वास निकिताच्या मानेला लागत होता. मग त्यांनी फणी काढून घेतली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुंता न्हाई ह्यो. जट हाय. आई आलीय घरात."

निकिताला आधी हसूच आलं. पण सासू आत जाऊन हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली, तिने त्या गोळ्याला हळद लावली, कुंकू लावलं आणि आपल्या सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा मात्र निकिताने हसणं थांबवून पाय मागे ओढले.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. शेजारची छबूबाई नारळ घेऊन आली. काल-परवापर्यंत "काय गं, कशी हायेस?" म्हणणारी बाई आज लांबूनच हात जोडून उभी राहिली. गोजरबाईंनी घरातल्या कात्र्या उचलून कुठेतरी लपवल्या. निकिताचा नवरा अमृत दुधाचा टेम्पो चालवायचा. तो घरी आला तर त्याचं अंथरूण पडवीत गेलेलं. देवीच्या माणसाजवळ झोपायचं नाही, असं त्याच्या आईने सांगितलं. सासऱ्यांनी, गहिनीनाथांनी, सुनेसमोर यायचं बंद केलं.

आणि शुक्रवार ठरला. दोन कोसांवरच्या गावातून राहीबाई जोगतीण येणार होती. तिच्या डोक्यावर जटांचा भारा होता. ती निकिताला पाटावर बसवून ओटी भरणार, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीची माळ, घालणार. त्यानंतर निकिता देवीची. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं मागायची, आणि शिलाईचं दुकान, नवरा, पुढे कधी होणारं मूल, हे सगळं देवीच्या मर्जीवर.

"तुम्ही काहीतरी बोला ना," निकिता अमृतला म्हणाली. तो टेम्पोचं चाक तपासत होता. चाकाला काही झालेलं नव्हतं.

"आईच्या मनासारखं होऊ दे थोडे दिवस. मग बघू."

"आणि शुक्रवारी?"

अमृतने चाकावर हात फिरवला.

तिने सत्यशीलाताईंना फोन केला. त्या ऐकूनच भडकल्या. "अगं, कापून टाक सरळ. तुला नाही जमत तर मी येते कात्री घेऊन. अडवणारे कोण ते बघते."

निकिताने फोन ठेवला आणि बराच वेळ विचार केला. कापता आलं असतं. पण उद्या घरात कुणाला साधा खोकला झाला, टेम्पो कुठे घसरला, तरी बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार होतं. आणि कापली तर ती जट होती, हे कायमचं खरं राहणार होतं. तिला ते खरं राहू द्यायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी गोजरबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. निकिता त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"आत्या, देवीची जट सुटते का कधी?"

"न्हाई सुटत. तोडली तर कोप व्हतो."

"मी तोडत नाही. सोडवून बघते. देवीची असेल तर सुटणार नाही, मग उद्या मी गुपचूप पाटावर बसते. सुटली तर गुंता होता म्हणायचं."

सुपातली बाजरी थांबली. गोजरबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. इतकी उघडी भीती निकिताने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

"तुला काय म्हाईत गं? माझी थोरली बहीन हुती, बनू. परकर नेसायची तवा तिला जट आली. आमच्या आयनं कापायला कात्री लावली, अन् त्याच आठवड्यात आमचा भाऊ हिरीत पडून गेला. मग कुनाची छाती झाली न्हाई. बनूला देवीला वाहिली. लगीन न्हाई, लेकरू न्हाई. जट वाढत वाढत पार गुडघ्याला आली. वज्यानं मान वाकडी झाली हुती तिची. मेली तवा जटेसकटच जाळली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला सांगू नको, गुंता हाय म्हनून."

तरीही निकिता उठली. आतून खोबरेल तेलाची बाटली, लाकडी फणी आणि पोती शिवायचं दाभण घेऊन आली आणि दार सताड उघडं ठेवून अंगणाच्या मधोमध बसली. लपूनछपून काही करायचं नव्हतं.

तिने गोळ्यात तेल जिरवलं. दाभणाचं टोक कडेच्या केसांत घालून एकेक बट ओढून काढायची, ती फणीने मोकळी करायची, मग दुसरी. स्वतःच्याच मानेमागे, काही न दिसता. आजारपणाने हातांत बळ नव्हतं. जरा वेळाने दंड भरून यायचे, मग मांडीवर हात टाकून ती थांबायची. गोजरबाई दारात पाठ फिरवून बसल्या होत्या आणि तोंडाने देवीचं नाव घेत होत्या. छबूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, "अगं बाई!" म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. आता हे गावभर होणार, निकिताच्या लक्षात आलं. एकदा दाभण घसरून मानेत रुतलं. बोटाला रक्त लागलं. रक्त दिसलं तर सासू त्याचाही अर्थ लावेल, म्हणून तिने बोट गुपचूप ओढणीला पुसलं.

दुपारी अमृत रिकामे कॅन घेऊन आला आणि टेम्पोजवळच थबकला.

"मागचं मला दिसत नाही," निकिता त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दाभण धरा."

अमृतने आईकडे पाहिलं.

"अमृत, तू जेवायला चल," गोजरबाई म्हणाल्या.

तो तसाच उभा होता. निकिताने दाभण मागे धरून ठेवलं होतं. दंड भरून आला होता, तरी हात खाली घ्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं. मग हातातलं दाभण कुणीतरी काढून घेतलं. तो तिच्या मागे मांडी घालून बसला.

"अमृत, ऊठ तिथनं! तुला सांगतीय मी!"

तो उठला नाही. त्याला हे काम येत नव्हतं, तिला दुखत होतं, दोनदा ती कळवळली. पण बराच वेळ गेल्यावर तो एकदम म्हणाला, "आई, सुटतंय गं."

गोजरबाईंनी देवीचं नाव आणखी मोठ्याने घेतलं.

"खरंच सुटतंय. येऊन बघ तरी."

त्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हाही दोन हात लांब उभ्या राहिल्या. अर्ध्याहून जास्त गोळा उकलला होता, तेलाने माखलेले केस निकिताच्या पाठीवर पसरले होते. राहिला होता तो आतला लिंबाएवढा गड्डा. अमृतने दाभणाने त्यात खुपसून पाहिलं, तर आत काहीतरी पांढरं दिसलं.

"हे काय हाय?"

गोजरबाई पुढे झाल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग त्याच खाली बसल्या आणि लेकाच्या हातातून दाभण घेतलं. त्यांची बोटं सवयीची होती. जन्मभर पोती शिवलेली, लेकींच्या वेण्या घातलेली. त्यांनी पांढऱ्या तुकड्यावर तेल सोडलं, अंगठ्याने चोळलं, पुन्हा तेल सोडलं. चिकटा सुटत गेला आणि केसांतून एक मळकी पट्टी निघाली. सलाईनची सुई हलू नये म्हणून दवाखान्यात हाताला लावतात ती. तापाच्या ग्लानीत कधीतरी हाताची निघून केसांत जाऊन बसली होती आणि तिच्याभोवती सगळं वळलं होतं.

गोजरबाईंनी पट्टी तळहातावर घेतली. मग त्यांनी उरलेले केस हळूहळू फणीने विंचरले, मानेपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा, गुंता संपला तरी.

"मग बनूची बी सुटली असती का गं?" त्यांनी विचारलं.

अमृत उठून टेम्पोकडे गेला.

शुक्रवारी सकाळी राहीबाई आली तेव्हा तिच्यामागे पाच-सात बायका होत्या, छबूबाई सगळ्यांत पुढे. निकिता न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. गोजरबाई दारात उभ्या होत्या.

"पाट कुठं मांडलाय?" राहीबाईने विचारलं.

"पाट न्हाई मांडला. गुंता हुता, तो सुटला."

"सुटला?" राहीबाईने निकिताच्या मोकळ्या केसांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा ताठ झाला. "आई दारात आली अन् तुमी तिला तेल लावून घालवली. वरीस जायच्या आत ह्या घरात काय व्हतंय ते बघा. मग माझ्याकडं येऊ नका."

बायका एकेक करून पांगल्या. छबूबाईने ओटीचा नारळ पदराखाली घेतला. गोजरबाई दारातच उभ्या राहिल्या, चौकट घट्ट धरून.

त्यानंतरचे दिवस निकिताला उघड भांडणापेक्षा जड गेले. कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळे वाट बघत होते. गहिनीनाथांना सर्दी झाली, तर घरातले एकमेकांकडे बघू लागले. टेम्पो पंक्चर झाला, तेव्हा अमृतने घरी सांगितलंच नाही. निकिताला त्याच्या हातांच्या काळ्या डागांवरून कळलं. ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. न्हाणं पुन्हा दहा दिवसांवर नेलं, फणी मात्र एकही वेळ चुकवली नाही. बोटं सारखी मानेकडे जायची.

थंडी सरता सरता घरची म्हैस व्यायला झाली. सकाळपासून ती अडली होती. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी हात घालून रेडकू बाहेर काढलं, पण ते मेलेलंच होतं. डॉक्टर हात धुऊन निघून गेले. गोठ्यात घरचे तेवढे उरले. गहिनीनाथांनी रेडकावर पोतं टाकलं आणि मान वर करून सुनेकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ. अमृतनेही पाहिलं आणि नजर खाली घातली. कुंपणापलीकडे छबूबाई उभी होतीच.

"म्हनलं हुतं राहीबाईनं," ती म्हणाली.

निकिता सासूच्या तोंडाकडे बघत होती.

गोजरबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हात थांबला नाही.

"गेल्या साली तुझी गाय मेली, छबू," त्या म्हणाल्या. "तवा तू कुनाची जट सोडवली हुतीस?"

छबूबाई कुंपणापासून मागे सरकली. गहिनीनाथ खाली बघू लागले.

"अन् तू तिथं काय उभी हायेस?" गोजरबाई सुनेवर खेकसल्या. "म्हशीला गरम पानी आन. लई थकलीय ती."

निकिता पाणी आणायला धावली.