चढावरचा आवाज

मी गिअरबॉक्स बोलतोय. चार गिअरचा, जुन्या मॉडेलचा. आज ज्या गाडीच्या पोटात बसलोय, ती माझी नाही.

माझी गाडी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांची होती. एकोणीस वर्षं त्यांचा हात माझ्या दांड्यावर होता. बारीक स्क्रू फिरवून सरावलेला, हलका हात. पुढे माझं एक बेअरिंग झिजलं आणि तिसऱ्या गिअरमध्ये मी कण्हायला लागलो.

"बदलून घ्या की आता," मिस्त्री म्हणायचा.

"राहू दे रे. गाडी चढाला लागली की बायकोला घरात ऐकू जातं. चहाचं आधण ठेवते ती."

एका संध्याकाळी त्याच चढावर तो हात जड झाला आणि गळून पडला. इंजिन आचके देत बंद पडलं. गाडी मागे घसरू नये म्हणून मी दात रोवून तिला धरून ठेवलं. दुसरं काय करणार होतो? वर घरात त्यांच्या बायकोला, काकूंना, माझा आवाज मध्येच तुटलेला ऐकू आला. ओल्या हातांनीच त्या पळत खाली आल्या.

ते गेल्यावर त्यांच्या मुलाने गाडी मोडीत काढली. मी दोन वर्षं मिस्त्रीच्या फळीवर धूळ खात पडलो. मग एक नर्सबाई आल्या. त्या घरोघर जाऊन जखमांची मलमपट्टी करायच्या. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला होता.

"तुमच्या मॉडेलचा मिळत नाही," मिस्त्री म्हणाला. "जुन्याचा बसवतो, ब्रॅकेट जरा कापून. पाचवा गिअर मात्र विसरा."

"आणखी काही?"

"म्हातारा आहे. तिसऱ्यात कण्हेल."

नव्या गाडीत मला कशाचीच ओळख पटेना. बाईंचा हात सवयीने पाचवा गिअर शोधायचा आणि पोकळीत अडखळायचा. मला तर प्रत्येक वळणावर तो पहिला हातच जाणवायचा.

त्यांचा एक पेशंट नेमका त्या चढाच्या माथ्यावर राहायचा. पहिल्या संध्याकाळी मी कण्हत वर निघालो आणि ओळखीच्या घराची खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं. नवव्या दिवशी काकू रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"कुणाची गाडी ही?"

"माझीच, काकू. का हो?"

"रंग वेगळा, आकार वेगळा. पण आवाज ह्यांचा आहे." त्यांनी बॉनेटवर हात टेकवला. "आठ दिवस मी दोन कप चहा करतेय, बाई. वेड लागलंय का मला?"

बाईंनी मिस्त्रीला खोदून विचारलं. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते काकूंना सांगितलं. काकू पायरीवर बसल्या.

"म्हणजे मला ऐकू येत होतं, ते खरं होतं तर."

"मी बेअरिंग बदलून घेते, काकू. तुम्हाला त्रास नको."

काकूंनी खाली रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घे बदलून. जीव दारातच अडकून राहतो माझा."

बेअरिंग बदललं. मी मुका झालो. सगळ्यांना वाटलं, काकू सुटल्या.

पण आता आम्ही कधी येतो ते त्यांना कळत नाही. म्हणून दुपारी चारपासूनच त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. येणारी प्रत्येक गाडी निरखतात. आम्ही गेलो की बाई हात हलवतात, काकूही हलवतात. पण आम्ही पुढे गेल्यावरही त्या खाली रस्त्याकडेच बघत राहतात.

मिस्त्री, ते झिजलेलं बेअरिंग तू फेकलं नसशील, तर परत बसव रे. माझा आवाज होता तोवर त्यांना घटकाभरच वाट बघावी लागायची.