डबलचा भात

बायको गेल्याचं सगळ्या डेपोला कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या डबलला.

गाडी चालवणाऱ्याला रस्त्यात वाईट बातमी द्यायची नाही, असा डेपोचा जुना शिरस्ता होता. मागे गाडीभर माणसं बसलेली असतात. म्हणून शेजारणीचा फोन आला तेव्हा कंट्रोलरने तो ऐकून घेतला, डबलच्या कंडक्टरला तेवढं हळूच कळवलं आणि गाडी परत यायची वाट बघत बसला. डबलची बायको कपडे वाळत घालताना कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हा डबल शेवटच्या थांब्यावर डबा उघडून बसला होता. तरुणपणी कॅन्टीनमध्ये दोनदा भात घ्यायचा म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. समोर कंडक्टर बसला होता, चहाच्या कपात बघत.

"घे की घासभर," डबल म्हणाला.

"नको रे. पोट बरं नाही."

"बघ तरी, भात कसा मोकळा झालाय. डॉक्टर म्हणतात भात सोडा. रोज डबाभर खातो, तरी माझी शुगर कशी आहे? सांग की!"

"चांगली आहे," कंडक्टर म्हणाला आणि टायर बघायच्या निमित्ताने उठून गेला.

डबलने डबा चाटूनपुसून संपवला, गाडी वेळेत परत आणली. डेपोच्या फाटकात कंट्रोलर स्वतः उभा होता. हा माणूस खुर्ची सोडून कधी उठत नसे. त्याने हात पुढे करून किल्ली घेतली, तेव्हाच डबलला कळलं की घरी काहीतरी झालंय.

मुलगी आली, राहिली, जेवढी रजा होती तेवढी वापरून आपल्या घरी गेली. जाताना भात कसा लावायचा, कालवण कसं करायचं ते दाखवून गेली. डबल शिकला. सकाळी उठून भात लावायचा, डबा भरायचा, ड्यूटीवर जायचा. जेवण पूर्वीसारखं लागत नव्हतं, पण त्याचं कारण त्याला माहीत होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. खाऊन झालं की डोळ्यांवर झापड यायची. तीही त्याने दुःखाच्या खात्यात टाकली.

मग वर्षाची तपासणी आली. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुन्हा बघितला.

"काय खाताय तुम्ही?"

"नेहमीचंच. उलट कमीच."

"नेहमीचं खाऊन साखर एवढी चढत नाही. गोळ्या बदलून देते, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. भात, पाव, बटाटा, साखर, सगळं कमी करायचं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नाही उतरली तर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल."

गाडीवरून उतरवायचं म्हणजे वर्कशॉपच्या दाराशी बसून स्पेअर पार्ट मोजायचे. ओव्हरटाइम बंद, भत्ता बंद. पण डबलला भीती वाटली ती पैशांची नव्हे. घरात आता कोणी नव्हतं. स्टिअरिंग हातात असेपर्यंत दिवस कसा जातो ते कळत नव्हतं. तेही गेलं तर दिवसभर करायचं काय?

मुलीला फोन केला. तिने मोबाइलवर बघून बघून सांगितलं, "बाबा, बदामाचं पीठ आणा. चीज आणा. त्याचे खास पावही मिळतात."

"मिळतात ना? मग झालं."

मोठ्या दुकानात खास पावाच्या एका पुडीला त्याने जेवढे मोजले तेवढ्यात पूर्वी आठवडाभराचा बाजार व्हायचा. बदामाचं पीठ घेताना तर हा दागिना घालायचा की खायचा, असं त्याने दुकानदाराला विचारलं. दुकानदार हसला नाही. अर्ध्या महिन्यात पगाराचा खडखडाट झाला. विजेचं बिल भरायचं तसंच राहिलं. मग उरलेल्या महिन्यात, जे स्वस्त होतं तेच पुन्हा ताटात आलं. भात आणि बटाटा.

"श्रीमंतांचा आजार हा," त्याने कंडक्टरला सांगितलं. "आपल्याला परवडणारा नाही."

"झालाय खरा तुलाच," कंडक्टर म्हणाला. "पण वहिनी असताना तू काय बदाम खायचास का रे?"

डबल आठवू लागला. वहिनी असताना तो भातच खायचा. तोच डबा, तोच चमचा. साखर पहिल्यांदा निघाली तेव्हा तिने एकदा त्याच्यापुढे नुसत्या पाल्याचं ताट ठेवलं होतं. "मी काय गाय आहे?" म्हणून त्याने ते ढकललं, भिंतीला जाऊन लागलं. दुसऱ्या दिवशी ताटात भात होता. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. आपण जिंकलो असं डबलला वाटलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या रिपोर्टबरोबर ते डेपोभर सांगतही होता.

महिनाअखेरीला हात अगदीच आखडल्यावर तो बाजाराच्या मागच्या गल्लीत गेला. ती तिथून भाजी आणायची एवढं त्याला माहीत होतं. हातात तिचीच निळी पिशवी होती. भाजीवालीने आधी पिशवी ओळखली.

"आज ताईंनी तुम्हाला पाठवलं का? आहेत कुठे? किती दिवस झाले, मी रोज दांडे बाजूला ठेवते आणि संध्याकाळी फेकून देते."

डबलने सांगितलं. भाजीवाली खाली बसली. थोडा वेळ तिने गिऱ्हाईक घेतलं नाही.

मग डबलने विचारलं, "कसले दांडे?"

"फ्लॉवरचे. कोबीची वरची पानंही. लोकं टाकून देतात, त्या घेऊन जायच्या. मी पैसे घेत नसे, मग त्या जाताना चार जुड्या निवडून द्यायच्या."

"आमच्याकडे गाय नाही."

भाजीवालीने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? अहो भाऊ, तुमच्या भातासाठी! बारीक किसून भातात घालायच्या. आधी चिमूटभर, मग मूठभर. पुढे पुढे म्हणायच्या, आता भांड्यात तांदूळ नावालाच उरलाय, आणि आमचे साहेब म्हणतात, आज भात काय मोकळा झालाय!"

ती हसली, आणि मग त्याचा चेहरा बघून तिने तोंडावर पदर धरला. "मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल त्यांनी."

डबल पिशवी घेऊन निघाला तो रागातच. एवढी वर्षं बायकोने आपल्याला फसवलं. आपण डेपोभर छाती काढून फिरलो आणि पोटात होते फेकायचे दांडे. घरी जाऊन तिला चांगलं विचारायचं, असं मनाशी म्हणत तो दारापर्यंत आला, कुलूप बघितलं, आणि किल्ली खिशातून काढायला त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गल्लीत गेला. या वेळी दांडे मागायलाच.

पहिल्या दिवशी लापशी झाली. दुसऱ्या दिवशी करपलं. किसताना बोटाचं साल निघालं ते वेगळंच. बायकोने भाजीवालीला बोलता बोलता जे सांगितलं होतं तेवढं भाजीवालीने त्याला सांगितलं: किसल्यावर फडक्यात पिळून पाणी काढायचं, कोरड्या तव्यावर परतायचं, तांदूळ वेगळा शिजवून मग मिसळायचा. समोरचा अंडीवाला तडकलेली अंडी निम्म्या भावात द्यायचा, तीही बायको न्यायची म्हणे. वास घेऊन, त्याच दिवशी पूर्ण शिजवायची. डबलने तेही सुरू केलं. सकाळी दोन अंडी, दुपारी दांड्यांचा भात आणि पालेभाजी, रात्री सोयाबीनचं कालवण, भुकेला मूठभर शेंगदाणे. बदामाच्या पिठाची उरलेली पुडी त्याने मुलीला पाठवून दिली. त्या महिन्यात पगार शेवटपर्यंत पुरला, बिल भरलं गेलं, आणि जेवल्यावर येणारी झापडही हळूहळू गेली.

डबा उघडल्याबरोबर कंडक्टरने नाक मुरडलं.

"फ्लॉवर आहे हा!"

"भात आहे."

"लेका, डोळे मिटून सांगतो. अख्ख्या गाडीत वास सुटलाय. मागच्या सीटवरची म्हातारी उतरून गेली बघ."

"तिचा स्टॉप होता."

"बरं, तिचा स्टॉप होता." कंडक्टरने एक घास घेतला. चावत राहिला. "वहिनींच्या डब्यातला भात मी कितीदा खाल्लाय. तो भात होता."

"तोही हाच होता," डबल म्हणाला, आणि भाजीवालीने सांगितलेलं सगळं त्याला सांगून टाकलं. कंडक्टर हसला नाही. त्याने पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. साखर पूर्वीएवढी खाली नव्हती, पण बरीच उतरली होती.

"चालवा गाडी," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी या. काय केलंत?"

"बायकोच्या हातचं खातोय," डबल म्हणाला. डॉक्टरीणबाईंना तिचं काही माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी त्याने दांडे किसले, पिळले, परतले, वर मूठभर तांदूळ शिजवून मिसळला. वास आला तो आलाच. ती तो कशाने घालवायची ते भाजीवालीला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, शेजारणीलाही नाही. डबलने लिंबू पिळून बघितलं, जिरं घालून बघितलं, लसूण घालून बघितला. ते अजून त्याला जमलेलं नाही.