मामाले विचारून सांगते

नाच म्हटला की राजदीपला वरातीतला तेवढा ठाऊक. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात फिटर होता तो. पण त्याच्या बायकोनं, नंदिनीनं हट्टच धरला. चंद्रपूरला मंगल कार्यालयात तीन दिवसांचा साल्सा महोत्सव आहे, आपण जोडीनं जायचं. कॉलनीतल्या क्लासात ती वर्षभर साल्सा शिकली होती, तोही शेजारणीचा हात धरून. एकदा तरी नवऱ्यासोबत नाचावं, एवढीच तिची हौस.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या दानिशसरांनी सगळ्यांना बजावलं. "इथी कोनाले ओढायचं नाई. समोर जायचं, हात पुढं करायचा, विचारायचं. हो म्हटलं, तरच नाचायचं."

राजदीपला पावलं काही जमली नाहीत, विचारणं मात्र झकास जमलं. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. नागपूरच्या कॉलेजातल्या पोरींना विचारलं. दानिशसरांची आई सुरय्याबी कोपऱ्यात चहा पीत बसली होती, तिलाही कमरेत वाकून विचारून आला. आणि दर वेळी जाताना आपलं स्वेटर नंदिनीच्या मांडीवर टाकायचा. "धर जरासं."

मध्येच आठवण झाली की लांबूनच हाक मारायचा, "चाल व, ऊठ."

"पाय दुखून राह्यले," नंदिनी म्हणायची.

पाय कशाचे दुखतात? हा माणूस तिला बघायला आला होता, तेव्हा पोहे खाऊन त्यानं तिच्या मामाला विचारलं. मामा हो म्हणाला, झालं लग्न. तिला कोणी विचारलंच नाही. आता साऱ्या जगाला विचारत हिंडतो, पण बायकोला काय विचारायचं, ती तर घरचीच. नंदिनीला रडूच यायला लागलं. स्वेटरला नाक पुसावं म्हटलं, तर ते धुवायचंही तिच्याच नशिबी.

शेवटच्या संध्याकाळी शफीभाऊ आले. चंद्रपूरचेच टेलर, वयानं मोठे. हात पुढं करून म्हणाले, "बाई, नाचता का?"

नंदिनी उठली आणि मन भरून नाचली. परत आली तर राजदीप तिची पर्स अन् आपलं स्वेटर सांभाळत उभा, तोंड एवढंसं करून.

"मले म्हणे पाय दुखते."

"त्याइनं विचारलं. मी हो म्हटलं."

"मंग मी काय तुले बलावलं नव्हतं?"

"तुमी मले विचारलं कवा?" ती म्हणाली. "आजचं सोडा. आजवर कवा विचारलं, सांगा."

राजदीपनं आठवून पाहिलं. आठवले ते पोहे आणि मामा.

तेवढ्यात दानिशसरांनी शेवटच्या गाण्याची सीडी लावली. राजदीपनं स्वेटर आणि पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली, तिच्यासमोर आला आणि हात पुढं केला.

"नाचता का?" बायकोला चक्क अहोजाहो.

नंदिनी आरामात खुर्चीत टेकली. "मामाले विचारून सांगते."

आजूबाजूचे हसले. राजदीपचे कान लाल झाले, पण त्यानं हात मागं घेतला नाही. गाणं अर्धं सरलं, तेव्हा कुठे ती हो म्हणाली.