हळदीचा फोटो

“वहिनी, हासा ना जरा! हळद शे, दहावं नही शे,” कॅमेऱ्यामागून वाहरू ओरडला.

चेतना हसली नाही. म्हसावदच्या घराच्या अंगणात ती पाटावर बसली होती, कपाळाला मुंडावळ्या, अंगावर भाड्याची पिवळी साडी. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आज तिची हळद होती. शेजारच्या पाटावर नवनीत, तिचा नवरा. कॅनडाहून सुट्टीवर आलेला हा माणूस परीक्षेला बसल्यासारखा मान खाली घालून बसला होता. मागे हिरवा पडदा ताणला होता, कारण पडद्यामागचा ट्रॅक्टर गेल्या दिवाळीत घेतलेला. तीन वर्षांपूर्वीचे म्हणून दाखवायच्या फोटोत नवा ट्रॅक्टर दिसला, तर सगळंच मुसळ केरात. ही हुशारी चंदन सरांची. चंदन सर म्हणजे नंदुरबारला व्हिसाची कामं करून देणारा माणूस. सकाळपासून तोच अंगणात हुकूम सोडत होता.

चेतनाचं लग्न साखरपुड्यातच लागलं होतं. हल्ली खानदेशात ही रीत रुळली आहे. मंडळी साखरपुड्याला जमतात, चहा होता होता चार मोठी माणसं बाजूला बोलतात, आणि त्याच मांडवात अक्षता पडतात. खर्च वाचतो, पेपरात आदर्श विवाह म्हणून छापून येतं. चेतनाच्या सासऱ्यांना, हिलाल पाटलांना, तर समाजाच्या मेळाव्यात शाल-नारळ मिळालं होतं. पेपरातलं ते कात्रण बैठकीत काचेत लावलं होतं. त्यात हिलाल पाटील होते, समाजाचे अध्यक्ष होते, नवनीत होता. चेतनाचं नुसतं कोपर आलं होतं.

त्या दिवशी तिला कुणी विचारलं नव्हतं. आई तर मागच्या दारी पुऱ्या तळत होती. तिला कळलं तेव्हा बाहेर अक्षता वाटून झाल्या होत्या. कणकेच्या हातांनी ती मांडवात धावत आली. “मन्ही पोरले हळद ते लावू द्या,” एवढंच म्हणाली.

“हळदनं काय लई बठनात? मुहूर्त चालना,” हिलाल पाटील म्हणाले, आणि लोक हसले. ते हसणं चेतना विसरली नव्हती. मागच्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा तिरडीशी बसून तिला तेच ऐकू येत होतं.

आणि आता काय झालं? नवनीतने तिला कॅनडाला न्यायचे कागद घातले होते, ते नामंजूर झाले. तिकडच्या साहेबाचं म्हणणं असं, की साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी कसं? हळद नाही, मेंदी नाही, एकाही फोटोत मुलीची आई नाही. हे लग्न खरं वाटत नाही, नुसतं देशात शिरण्यासाठी केलेलं दिसतं. चेतनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सासूच्या, मंगलाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना हाताला धरून मोरीपर्यंत नेणारी ती. पहाटे उठून म्हशींच्या धारा काढणारी ती. रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याचा आवाज फोनवर दोन मिनिटं कानावर पडावा म्हणून दुपारचं जेवण थांबवणारी ती. याचे फोटो कुणी काढले होते? तिला जायचं होतं. मनापासून जायचं होतं, लपवायचं काय त्यात! म्हणूनच ती आज हे सोंग घेऊन पाटावर बसली होती.

“चला, आता वधूची आई,” चंदन सर म्हणाला. “आई हळद लावते आहे असा एक फोटो पाहिजेच. त्याच मुद्द्यावर साहेबाने बोट ठेवलं आहे.”

चेतनाने चमकून वर पाहिलं. मंगलाबाई कुणाला तरी हाताला धरून घेऊन येत होत्या. शेजारच्या गल्लीतली धनुबाई. नवी साडी, डोक्यावर पदर.

“पदर आखो ओढी ले, तोंड दिसाले नको,” मंगलाबाई हळूच म्हणाल्या.

कुणालाच नवल वाटलं नाही, म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेतनाने नवऱ्याकडे पाहिलं. “तुमले माहीत व्हतं?”

“एक फोटूना सवाल शे,” नवनीत पुटपुटला. “नही ते तू आठे, मी तठे. आखो कितला वरीस काढानात?”

धनुबाईने वाटीत बोटं बुडवली. “लावू का व माय?”

चेतनाने तिचं मनगट धरलं. जोराने नाही, नुसतं धरलं. धनुबाईवर तिचा राग नव्हता. मग ती उठली आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“मन्ही माय जित्ती व्हती, हळद लावू द्या म्हने, तव्हय तुमले येळ नव्हता. आते ती नही, ते तुमले माय जोयजे? भाडानी आनी?”

“आवाज कमी कर,” हिलाल पाटील म्हणाले. “गल्ली आयकी ऱ्हायनी.”

“आयकू द्या. शाल लिधी तव्हय बी हाईच गल्ली व्हती.”

“मी तुन्हा बापना खर्च वाचाडा!”

“खर्च वाचना, आनि मन्ही माय चुलाजोडेच ऱ्हायनी!”

या घरात सासऱ्यांसमोर इतक्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं, मंगलाबाईसुद्धा नाही. हिलाल पाटलांनी बैठकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. चंदन सर गोड आवाजात म्हणाला, “ताई, रागाने फाइल पुढे सरकत नाही.”

“तुमी बोलू नका. तुमी माय इचारी, पन ती कोठे शे हाई नही इचारं.”

तिने मुंडावळ्या सोडल्या. मागे जाऊन हिरवा पडदा ओढला, तो फरफटत खाली आला आणि लाल ट्रॅक्टर उघडा पडला. ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची उचलून तिने आपल्या पाटाशेजारी आणून ठेवली, आणि परत पाटावर बसली.

“वाहरूभाऊ, काढा आते. ट्रॅक्टरसगट. आनि तारीख आजनी टाका.”

“या रिकाम्या खुर्चीचा काय उपयोग?” चंदन सर आता चिडला होता. “हे पाठवलं तर कॅनडा विसरा.”

बोलायला आता तिला दम घ्यावा लागला. कॅनडा विसरा म्हणजे काय, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. येत्या आठवड्यात नवनीत जाणार होता आणि फाटकाशी उभं राहून तिला हात हलवायचा होता.

“साहेबले लिखा,” ती म्हणाली, “लगीन खरं शे. हळद लावाले माय लागस. ती मरी गयी, म्हनीसन खुर्ची रिकामी शे.”

नवनीत पाटावरून उठला नाही. तेवढं तरी त्याने केलं.

वाहरूने कॅमेरा डोळ्याला लावला, पण धनुबाई अजून मधेच उभी होती. तिला काय करावं सुचेना. बोटं पिवळी झाली होती आणि नव्या साडीला पुसायला तिचा जीव होत नव्हता. शेवटी तिने ती हळद खुर्चीच्या हातावर पुसली, डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि फोटोतून बाजूला झाली.

मग वाहरूने फोटो काढला.