बॅलर्ड नावाची पांढरी गाडी

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेनऊला गेनर एंटविसल रस्त्याच्या मधोमध उभी होती. घोट्यापर्यंतचा पिवळा झगझगीत कोट अंगात आणि हातात डोक्याहून उंच काठी, काठीच्या टोकाला 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. अकरा वर्षं ती याच कोपऱ्यावर शाळेच्या मुलांना रस्ता पार करून देत होती. पोरं तिला लॉलीपॉपबाई म्हणत. ती आडवी आली की दुधाची गाडी थांबायची, बस थांबायची, एकदा तर प्रेतयात्रेची काळी गाडीसुद्धा थांबली होती.

त्या दिवशी चढावरून आलेली पांढरी गाडी थांबली नाही.

सात वर्षांची हानिया दोन पावलं पुढे गेली होती. गेनरने तिच्या जाकिटाची टोपी पकडून मागे ओढलं तेव्हा गाडीचा आरसा गेनरच्या कोपराला घासून गेला. हानियाच्या हातातली कसरतीच्या कपड्यांची पिशवी गाडीबरोबर दहा फूट फरफटत गेली आणि गटाराच्या जाळीवर पडली. पोर रडली नाही. तिने नुसतं वर पाहिलं आणि विचारलं, "त्याला आपण दिसलो नाही का?"

"दिसलो असणार गं," गेनर म्हणाली. गाडीच्या मागच्या पाटीवर तिची नजर गेली होती. पाटीवर नंबर नव्हताच, नाव होतं. बॅलर्ड. सात इंग्रजी अक्षरं, एकमेकांना चिकटून, दुकानावरच्या फलकासारखी.

दुपारी पोलीस जबाब घ्यायला घरी येणार होता. गेनरचा नवरा नेव्हिल पंचेचाळीस वर्षं कापडगिरणीत आणि नंतर गोदामात काम करून दोन वर्षांपूर्वी घरी बसला होता. जेवणाच्या टेबलावरून तो उठला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर निघाला.

"कुठे चाललास?"

"पाटी बदलतो. पोलीस येतोय ना."

गेनरला आत्ता आठवलं. ती पाटी, पैसे भरून निवडलेल्या नंबराची, तिनेच त्याला निवृत्तीला भेट दिली होती. एन, तीन, मग मोकळी जागा, मग व्ही, ई, एन. नेव्हिलने मोकळी जागा उचलून व्हीच्या पुढे नेली होती. तीनाचा झाला ई आणि गाडीवर 'नेव्ह' हे त्याचं लाडकं नाव सुटं उमटलं. क्लबात त्याने ती सगळ्यांना दाखवली होती. मागच्याच महिन्यात वर्तमानपत्रात अशा जागा सरकवलेल्या पाट्यांना दंड करावा की नाही यावर पत्रं छापून आली, तेव्हा हाच माणूस टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "बोटभर जागा इकडची तिकडे झाली म्हणून शंभर पौंड? चोर मोकळे फिरतायत, आणि हे टेप घेऊन माझी पाटी मोजणार!" गेनरही तेव्हा हसली होती.

"नेव्हिल, आपण काही लपवतोय का?"

"लपवत नाही, सुधारतोय," तो दारातून म्हणाला. "उगाच डोकं खाऊ नकोस."

पोलीस प्रिचर्ड तरुण होता, कान थंडीने लाल झालेले. त्याने चहा घेतला, बिस्किटं घेतली, आणि वहीत नाव लिहिलं. "बॅलर्ड. पण मिसेस एंटविसल, नंबरप्लेटवर नाव नसतं. मधले दोन एल म्हणजे दोन एक्के असणार. बी, ए, एक, एक, ए, आर, डी. बरोबर?"

"मला नाव दिसलं," गेनर म्हणाली. "नंबर नाही दिसला."

"तीच तर भानगड असते या पाट्यांची." जाताना तो अंगणात नेव्हिलच्या गाडीपाशी रेंगाळला. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं, पायरीवर स्क्रूड्रायव्हर. "पाटी आजच लावलीत वाटतं, साहेब?"

"आजच," नेव्हिल म्हणाला, आणि त्याचेही कान लाल झाले.

गुरुवारी प्रिचर्डचा फोन आला. तो नंबर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरचा निघाला. लहानशी हिरवी गाडी, तीही महिनाभर गॅरेजात. डॉक्टर फोनवर घाबरून गेले होते म्हणे. "तुम्ही नीट पाहिलं होतं ना?" प्रिचर्डने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो गेनरला जास्त लागला. तिच्या शब्दावर कुणा निरपराध माणसाला पोलिसांचा फोन गेला होता. रात्री चष्मा पुसताना तिला वाटलं, आपले डोळेच गेले असतील.

सोमवारी सकाळी ती कोपऱ्यावर गेली तर समोर लाँड्रीच्या दाराशी पांढरी गाडी उभी होती.

काच खाली केलेली. आत चाळिशीतला माणूस, नीट कापलेली दाढी, कागदातून सॉसेज रोल खात होता. तो काही बोलला नाही, हॉर्न वाजवला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. शेवटचं मूल शाळेत गेलं तसा तो निघून गेला. मंगळवारी पुन्हा तसंच. गेनरच्या हातातली काठी इतकी थरथरत होती की एक पोरगा म्हणाला, "बाई, पाटी नाचतेय!" सगळी पोरं हसली. तीही हसली.

बुधवारी तो उतरला. रस्ता ओलांडून सावकाश तिच्यापर्यंत आला.

"गुड मॉर्निंग. त्या पोरीच्या आईने पालकांच्या ग्रुपवर लिहिलंय, पांढरी गाडी, बॅलर्ड नाव, आणि पोलिसांनी फोन केला तो भलत्याच माणसाला. माझ्या गिऱ्हाइकांनी वाचलं ते."

गेनरने काठी दोघांच्या मधे धरली.

"त्या नावाची माणसं पुष्कळ असतात, मावशी. चुकून दुसऱ्याचंच नुकसान व्हायचं. तुमच्याकडून एकदा झालंय ना तसं?" तो हसला. हसणं अगदी सभ्य होतं. "निळं दार तुमचं, नाही का? पायरीवर दगडी बदक. छान आहे बदक."

तो गेला. गेनरने पुढची चाळीस मुलं पार केली. कशी, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

घरी येऊन तिने दाराला आतून कडी लावली. मग मागच्या दाराला. मग बाहेर जाऊन बदक उचलून आत आणलं आणि सिंकखाली ठेवलं. दुपारी तीनला शाळा सुटायच्या आधी नेव्हिल स्वयंपाकघरात आला, तर ती कोट घालूनच खुर्चीवर बसलेली.

"काय झालं?"

"मी काठी परत देणार आहे. गुडघे दुखतात म्हणून सांगेन."

"गुडघे?" नेव्हिलने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. खरं सांग."

तिने सांगितलं. तो शिव्या घालेल, पोलिसांच्या नावाने ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "प्रिचर्डला फोन करू."

"करून काय सांगू? नंबर चुकला माझा. आता पुन्हा म्हणू, नाव दिसलं?"

"मग नंबर वाचू."

गुरुवारी नेव्हिल तिच्याबरोबर आला. हातात थर्मास, खिशात पेन्सिल. गाडी लाँड्रीसमोर होतीच. गेनरने सगळी मुलं पार केली. हानिया आईबरोबर आली, तिला गेनरने हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. मग ती वळली आणि गाडीच्या मागच्या बाजूकडे चालू लागली. दहा पावलांचं अंतर संपता संपेना.

तिने फोन काढला, पण बोटं इतकी हलत होती की तीनही फोटोत नुसता धुरकट पांढरा पट्टा आला. मग ती वाकली आणि आंधळं माणूस चाचपतं तसं पाटीवर बोट ठेवलं.

बी. ए. एक. एक. इथे कायद्याने मोकळी जागा हवी होती, ती नव्हती. पुढे ए. आणि मग आर... आरचा तिरका पाय बोटाला वेगळा लागला. बाकीची अक्षरं गुळगुळीत, पाय मात्र किंचित उंच. काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा. तो नसता तर अक्षर पी होतं. मोकळी जागा असती आणि पट्टी नसती, तर डोळ्याने नाव न वाचता अक्षरं वाचली असती, आणि कॉर्नवॉलच्या म्हाताऱ्याला कुणी फोन केला नसता.

"नेव्हिल, लिही!" ती ओरडली. आवाज चिरकला. "बी! ए! एक! एक! ए! पी! पोपटातला पी! डी!"

"ए बाई, काय करतेस तिथे?" आतून आवाज आला.

"वाचतेय!"

गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला.

लोक पुढे म्हणाले की गेनर धैर्याने उभी राहिली. ते खरं नाही. तिला पळायचं होतं, तिचे पायच उचलत नव्हते. गाडी मागे आली, बंपर तिच्या गुडघ्यांना टेकला, आणि ती मागे कलंडताना काठी चाकाखाली आडवी पडली. काठी मोडल्याचा आवाज झाला, हाडासारखा. नेव्हिल थर्मासने गाडीचं छत बडवत होता आणि तिने आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या देत होता. लाँड्रीतल्या दोन बायका ओले कपडे हातात घेऊन बाहेर धावल्या. एकीने फोन वर धरला होता. गाडी पुढे झेपावली आणि निघून गेली.

गेनर फूटपाथवर बसली. तिला हुंदका आला तो थांबेचना.

प्रिचर्डने त्याच दुपारी माणूस शोधला. गेनरच्या समोरच्या खुर्चीत बसून त्याने सगळं सरळ सांगितलं. पोरीला उडवता उडवता राहिला, त्याला साक्षीदार एक तुम्ही आणि एक सात वर्षांची मुलगी. तो म्हणतो मी तिथे नव्हतोच. मागे गाडी घातली त्याचा व्हिडिओ आहे, तो खटला चालेल, पण वेळ लागेल. धमकी? बदक छान आहे म्हणणं हा गुन्हा कसा ठरवायचा?

"म्हणजे सुटला," नेव्हिल म्हणाला.

"पाटीवर नाही सुटणार. मोकळी जागा नाही आणि वर पट्टी, दोन्ही गाडीवरच दिसलं. दंड झालाय, आणि नंबर काढून घेण्याबद्दल वर कळवलंय." प्रिचर्डने बिस्किट बशीत परत ठेवलं. "सध्या तरी माझ्या हातात तेवढंच आहे."

नेव्हिलने खिडकीबाहेर, आपल्या गाडीकडे पाहिलं. "तेवढं तरी आहे," तो म्हणाला, आणि त्या दिवसानंतर क्लबात या विषयावर त्याने तोंड उघडलं नाही.

गेनरने काठी परत दिली नाही. नवी काठी मिळाली, जुनीपेक्षा जड. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, धुकं असताना, चढावरून पांढरी गाडी आली. गेनर मधोमध उभी होती, मागे मुलांची रांग. गाडीचा वेग कमी झाला. ती थांबली, रस्त्यावरच्या थांबण्याच्या पट्ट्याच्या कितीतरी आधी. पाटी नवी होती, साधी, मधे रुंद जागा सोडलेली. काचेमागे त्याने एक हात वर केला. तो नमस्कार होता, की दुसरं काही, ते धुक्यात कळलं नाही.

मुलं गेली. पांढरी गाडीही तिच्या बाजूने हळूच निघून गेली. तिच्यामागे व्हॅन, व्हॅनमागे बस, आणि गेनर अजून काठी उंच धरून उभी. हात खाली येत नव्हता. व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला, मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"अहो मावशी, पोरं वर्गात जाऊन बसली की! आम्ही कधी जायचं?"

"जरा थांबा," गेनर म्हणाली. "जरासंच थांबा."